दिव्याखाली कर्ली

कोकणी माणूस जमिनीच्या बाबतीत जितका काटेकोर, तितकाच छताच्या बाबतीत बेफिकीर. बांध वीतभर सरकला म्हणून चुलतभावाशी कुडाळच्या कोर्टात उभं आयुष्य भांडलेला गृहस्थ, नव्या घराला दिवा लावायची वेळ आली की वायरमनला सांगतो, ‘‘तुका बरा दिसात थय लाव रे.’’ आणि वायरमनला बरं दिसतं ते जिथे वायर कमी लागते तिथे. मग त्या चुकलेल्या जागेखाली घरातली माणसं वर्षानुवर्षं जेवतात, पत्ते कुटतात, पोरांचे अभ्यास घेतात आणि आपल्या ताटात आपलीच सावली का पडते, याचा विचारही न करता निजायला जातात.

पिंगुळी हे गाव बाहेरच्यांना दोन गोष्टींसाठी ठाऊक. एक राऊळ महाराजांचा मठ आणि दुसरी गुढीपूरच्या ठाकर मंडळींची चित्रकथी आणि बाहुल्या. तिसरी गोष्ट आता तयार होते आहे, ती म्हणजे बंगले. कुडाळ अगदी लागून, रेल्वे स्टेशन जवळ, महामार्ग चौपदरी. मुंबईत चाळीत आणि मग वन बीएचकेत जन्म काढलेला चाकरमानी निवृत्त झाला की त्याला गावाकडे ऐसपैस हॉल हवा असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख. म्हणून आधी स्लॅब, आणि स्लॅबवर विश्वास नाही म्हणून वर पुन्हा पत्रे. आतून मात्र सगळं शहरी. पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात चोरदिवे, आणि मधोमध ते ‘हँगिंग’. हँगिंग म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. ‘‘हँगिंग घेतलंत काय?’’ एवढंच विचारतात, आणि नाही म्हटलं तर वास्तुशांतीला आलेला पाहुणा उगाच छताकडे बघत बसतो.

आता टांगणं ही काही कोकणी घराला नवीन गोष्ट नव्हे. उलट जुन्या कौलारू घरात निम्मा संसार वरच असायचा. वाशाला शिंकं, शिंक्यात दुधाचं भांडं. माजघरात पाळणा. पडवीत झोपाळा. केळ्यांचा घड, कांद्यांची माळ, पावसाळ्यासाठी राखलेल्या सुक्या मासळीची टोपली, सगळं अधांतरी. या प्रत्येक वस्तूची उंची ठरलेली होती आणि ती कोणाच्या सौंदर्यदृष्टीने ठरलेली नव्हती. शिंकं मांजराच्या उडीच्या वर आणि आजीच्या हाताच्या खाली. त्या दोन मर्यादांमध्ये जी काय जागा उरेल ती शिंक्याची. घरात नवीन मांजर आलं आणि ते जरा चपळ निघालं, तर शिंकं एक गाठ वर जायचं. आजी वाकली की पुन्हा खाली यायचं.

लामणदिव्याचंही तेच. त्याला साखळी असते ती नुसती शोभेची नव्हे. वातीचा उजेड तो केवढा! अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हा नियम आपण शाळेत भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ज्या बाईला तेल मोजून वापरावं लागायचं, तिला तो साखळीच्या कड्यांमध्ये पाठ होता. दिवा वर ठेवून वात मोठी करायची, की दिवा खाली घेऊन तेल वाचवायचं? ती दिवा खाली घ्यायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे दिवे ओळीने पाहायला मिळतात. केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेला आपला संग्रह १९७५ साली शासनाच्या हवाली केला, म्हणून आपल्याला ते दिसतात तरी. तिथे येणारा प्रत्येक जण दिव्यावरच्या नक्षीसमोर थांबतो आणि ‘काय ती कारागिरी’ म्हणतो. साखळीच्या लांबीसमोर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग वीज आली आणि दिव्याने माणसाकडे येणं सोडलं. आधी काळ्या होल्डरातला पिवळा बल्ब, नंतर दाराच्या वर भिंतीला आडवी ट्यूबलाइट. ट्यूबलाइटच्या नावाने नव्या पिढीने नाकं मुरडावीत, पण तिचा एक मोठा गुण होता. तिच्याकडे कोणी बघत नसे आणि तिच्या उजेडात सगळ्यांना सगळं दिसे. लांबलचक नळी असल्यामुळे सावल्यासुद्धा बोथट पडायच्या. पुढे २०१५ साली सरकारची उजाला योजना आली, नऊ वॅटचे एलईडी बल्ब स्वस्तात हातात पडले, आणि जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड सहाव्या-सातव्या हिश्शाच्या विजेत मिळू लागला. उजेड इतका स्वस्त झाला की दिव्याने उजेड द्यावा अशी सक्तीच उरली नाही. इथून पुढे दिवा हा दागिना झाला.

आमच्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, पिंगुळीत बंगला बांधला तेव्हा हा दागिना घ्यायला अर्धं घर गेलं होतं. दिव्यांचं दुकान ही माणसाची दिशाभूल करण्यासाठी अगदी विचारपूर्वक केलेली रचना आहे, असं माझं मत तिथे पक्कं झालं. छताला शंभरावर दिवे, सगळे एकाच वेळी पेटलेले. खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चहूबाजूंनी उजेड, सावली म्हणून नाही. अशा ठिकाणी एखादा दिवा किती आणि कसा उजेड देतो, हे देवालाही कळायचं नाही. कारण त्याच्या वाट्याचं काम शेजारचे नव्व्याण्णव दिवे करत असतात. कळतं ते एवढंच की तो दिवा दिसतो कसा. आणि आपण नेमकं तेवढंच बघून पैसे मोजतो. कुंकू लावायला आरसा बघतो तितका वेळसुद्धा आपण त्याच्या खाली काही बघत नाही.

विक्रेता अर्थात तयारीचा होता. ‘‘साहेब, हा पीस सध्या गोव्यात खूप चाललाय,’’ असं म्हटलं की सिंधुदुर्गातला माणूस निम्मा पडतो. गोव्यात व्हिलांना जे चालतं ते आपल्याला चालायलाच हवं, फक्त व्हिलात राहणारे संध्याकाळी काय खातात आणि आपण काय खातो, याचा हिशेब करायचा राहतो. तिथे वेताच्या टोपल्यांचे दिवे होते, काथ्याचे होते, बांबूचे होते. बांबूच्या एका टोपल्याची किंमत ऐकून काकी, म्हणजे दादाची आई, म्हणाली, ‘‘ह्येच्यात कोंबडी झाकूक येतली.’’ गंमत म्हणजे बांबूवर काम करणारी कोनबॅक ही संस्था खुद्द कुडाळातली. तिचं बांबूकाम बाहेरचे लोक नावाजतात. आणि आम्ही कुडाळचेच लोक कुठल्या कुठून आलेली बांबूची टोपली पुठ्ठ्याच्या खोक्यातून सोडवत होतो.

शेवटी दादाने घेतला तो काचेचे तीन गोळे असलेला दिवा. प्रत्येक गोळ्यात एक बल्ब, ज्याची तार आत नारिंगी जळताना दिसते. एलईडीच, पण सोंग एडिसनच्या बल्बाचं. पुण्यात असलेल्या पुतण्याने फोनवरून हा प्रकार पसंत केला, कारण त्याच्या ऑफिसजवळच्या हॉटेलात तसेच दिवे आहेत. काकीची तरुणपणाची रात्र न् रात्र रॉकेलच्या चिमणीच्या पिवळ्या उजेडात तांदूळ निवडण्यात गेलेली. त्या पिवळ्या उजेडातून सुटका व्हावी म्हणून तिने देवाला नवस बोलायचाच बाकी ठेवला होता. तोच उजेड आता तिचा मुलगा भारी पैसे मोजून घरी आणत होता. तिने दिव्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ह्यो दिवो बघूक हाडलंस, काय ह्येच्या उजेडात काय तरी दिसूक हाडलंस?’’

खरं तर विषय इथेच संपायला हवा होता. पण बिल झालेलं होतं.

दिवा घरी आला आणि वायरमन वर बघत उभा राहिला. ‘‘दादानू, हय हूक नाय,’’ तो म्हणाला. ‘‘हूक थय आसा. पण थय फॅन आसा.’’

हे प्रत्येक मराठी घरातलं सनातन भांडण आहे. स्लॅब भरताना लोखंडी हूक सोडतात तो पंख्यासाठी, आणि तो खोलीच्या मध्यावर सोडतात. टेबल कधीच खोलीच्या मध्यावर नसतं. परदेशातल्या घरांच्या फोटोंत टेबलावर झुलणारा दिवा आपल्याला भुरळ घालतो, कारण त्या फोटोत पंखा नसतो. आपल्याकडे एप्रिलच्या घामात पंखा आणि दिवा यांत निवड करायची म्हटलं, तर दिवा हरणारच. मग तडजोड होते. दिवा पंख्याच्या बाजूला जातो. वारा सुटला की तीन गोळे एकमेकांवर आदळायला लागतात आणि जेवणारे घासागणिक वर बघतात. काही घरांत याहून कल्पक तोडगा काढलेला मी पाहिला आहे. दिवा छतातच बसवलेला आणि पंख्याची पाती त्याच्या खालून फिरणारी. मग उजेडाचे तुकडे तुकडे होऊन भिंतीवरून धावतात. अशा खोलीत पाच मिनिटं पेपर वाचून दाखवणाऱ्याला मी चहा पाजायला तयार आहे.

नवीन हूक ठोकायचं ठरलं, तेव्हा स्लॅब किती वजन घेईल ही चर्चा निघाली. तीन काचेच्या गोळ्यांचं वजन ते किती असणार! पण मुंबईचे भावोजी आले होते आणि भावोजींनी ग्वाल्हेर पाहिलेलं होतं. तिथे शिंद्यांच्या, १८७४ साली बांधून झालेल्या जयविलास महालात, दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत. एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या घरात. ती लावण्यापूर्वी छत पेलतं की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं तिथले गाइड सांगतात. कोणी आठ म्हणतो, कोणी दहा. जयाजीराव शिंद्यांना हत्ती परवडत होते. पिंगुळीत हत्तीची सोय नसल्यामुळे वायरमन स्वतःच नव्या हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळला. पाय वर घेऊन त्याने एक झोका घेतला, खाली उतरला आणि म्हणाला, ‘‘ऱ्हवात.’’ ग्वाल्हेरच्या हत्तींपेक्षा मला या प्रमाणपत्राचा भरवसा जास्त वाटला. कारण हत्ती वर होते, हा खाली होता.

मग उंची. या धंद्यातले लोक सांगतात की जेवणाच्या टेबलाच्या पाटापासून दिव्याच्या खालच्या काठापर्यंत तीस ते छत्तीस इंच अंतर असावं. म्हणजे बसलेल्याच्या डोळ्यांत बल्ब जात नाही आणि समोरच्याचं तोंडही दिसतं. जिथून माणसं चालतात तिथे मात्र जमिनीपासून सात फूट तरी मोकळे हवेत. दिवा केवढा घ्यावा याचाही एक सोपा आडाखा आहे: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करावी, जो आकडा येईल तितक्या इंचांचा दिवा. बारा बाय चौदाच्या खोलीला सव्वीस इंच. हे सगळं ठीक आहे. पण आमच्या घरात टेप होती ती सुताराने नेलेली आणि उरलेलं माप होतं ‘वायच’. ‘‘वायच वर घे.’’ ‘‘आता वायच खाली.’’ वहिनीचं वायच दोन बोटांचं, दादाचं वीतभर, आणि भावोजींचं गुडघाभर. वायरमन शिडीवर, बाकी सगळे खुर्च्यांवर बसून जेवल्यासारखं करून बघत होते. एक पुतण्या सहा फुटांचा. त्याला उभं करून खाली बसवलं, बसवून उभं केलं. सरतेशेवटी दिवा टेबलापासून बत्तीस इंचांवर आला. तो मापाने आला की कंटाळ्याने, ते सांगता येणार नाही.

तर आता त्या बत्तीस इंचांचं काय झालं ते सांगतो. झुलत्या दिव्यामागे एक गृहीत धरलेलं असतं, ते म्हणजे त्याच्याखालचं टेबल जागचं हलणार नाही. कोकणातल्या घरात टेबल हलतं. चतुर्थीला तर हलतंच. मुंबईहून चाकरमानी उतरतात, हॉल रिकामा होतो, भजनाला बसायला जागा हवी म्हणून टेबल पडवीत जातं. टेबल गेलं तरी दिवा जागच्या जागी, बरोबर कपाळाच्या उंचीवर. खाली आता टेबलाचा अडथळा नसल्यामुळे प्रत्येक जण सरळ त्याच्यातून चालत जातो. पहिल्या आरतीलाच झांजा घेऊन पुढे सरसावलेल्या एका भजनीबुवांनी तिन्ही गोळ्यांचा एकापाठोपाठ अनुभव घेतला. ‘‘मेल्यांनू, ह्यो दिवो आसा काय घाट?’’ म्हणाले. मग पोरांनी सुतळीने दिवा वर ओढून पंख्याच्या दांडीला बांधला. तात्पुरता. गणपती जाईपर्यंत तो तसाच होता, आणि तोवर कोणीही पंखा लावला की सगळं घर एकदम ओरडायचं.

त्याच हॉलमध्ये, त्याच दिवसांत, त्याहून कितीतरी जड वस्तू टांगलेली होती आणि तिच्याबद्दल एक चकार शब्द निघाला नव्हता. गणपतीच्या वरची माटवी. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळं, आंब्याचे टाळे, तेरडा, हरणाची फुलं असं सगळं बांधलेलं. शहाळ्यांचं वजन धरलं तर तीन काचेचे गोळे तिच्यापुढे किस पेड की पत्ती. तरी ती दरवर्षी बरोबर बसते. गणपतीच्या मुकुटाला काही लागत नाही, आरतीचं ताट ओवाळताना हात अडकत नाही, बसलेल्याला खालून फळं दिसतात आणि मूर्तीच्या तोंडावर सावली येत नाही. माटवी बांधणाऱ्या काकांनी कुठलं मॅन्युअल वाचलेलं नाही. ते फक्त आधी मूर्ती पाटावर ठेवतात आणि मग माटवी बांधतात. आम्ही दिवा आधी टांगतो आणि मग खाली घर लावतो.

पण खरी परीक्षा चतुर्थीची नव्हती; गणपती गेल्यावरची होती. विसर्जन झालं, श्रावणापासून बंद असलेलं मत्स्याहाराचं दार उघडलं आणि दादाने बाजारातून कर्ली आणली. ज्यांनी कर्ली खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चवीला हिच्यासारखी दुसरी नाही, आणि काट्यांनाही नाही. केसासारखे बारीक, दुफाट्याचे, मांसात कुठेही दडलेले काटे. सुरमई माणूस गप्पा मारत खातो. कर्ली खाताना घरातल्या बोलक्या माणसालाही गप्प बसावं लागतं. घास बोटांत फिरवायचा, डोळ्यांनी तपासायचा आणि मगच तोंडात.

दिव्याची सुतळी मुद्दाम सोडलेली होती. टेबल परत जागेवर. तीन गोळे, नारिंगी तारा, पुतण्याच्या भाषेत ‘ॲम्बियन्स’. पहिल्या घासालाच काकी थांबली. ताट डाव्या बाजूला सरकवलं, उजव्या बाजूला सरकवलं, चष्मा वर केला, खाली केला. ‘‘माका काटो दिसना नाय,’’ म्हणाली. मग लक्षात आलं की कोणालाच दिसत नव्हता. तीन उघड्या बल्बांमुळे प्रत्येक बोटाच्या तीन तीन सावल्या ताटात पडत होत्या, आणि काट्याची सावली आणि काटा यांत फरक करता येत नव्हता. फॉल्स सीलिंगमधले चोरदिवे लावून बघितले. ते भिंतीलगत, म्हणजे जेवणाऱ्याच्या पाठीमागे. त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्याची सावली त्याच्याच ताटात येऊन बसली. काकी ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली पाटावर जाऊन बसली. तिच्यामागून दादा गेला. मग वहिनी. मग भावोजी, ‘‘थांबा, मीपण येतंय’’ म्हणत. दहा मिनिटांत सगळं घर स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये तो दिवा एकटा.

हे सगळं कुठल्याही गावात झालं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पिंगुळीत व्हावं, याचं मात्र आश्चर्य वाटतं. कारण दिवा कुठे ठेवला की सावली कुठे आणि केवढी पडते, हे शास्त्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, ती माणसं याच गावात राहतात. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ हा सगळा दिव्याच्या जागेचा खेळ आहे. समोर पांढरं कापड ताणलेलं, मागे दिवा, आणि दिवा नि कापड यांच्या मध्ये बाहुली. बाहुली कापडाला टेकवली की सावली रेखीव, बाहुलीएवढीच. ती दिव्याकडे सरकवली की सावली वाढत जाते आणि कडा विरघळायला लागतात. रामायणातल्या एखाद्या प्रसंगात राक्षस अचानक कापडभर व्हायला हवा असेल, तर त्यासाठी मोठी बाहुली लागत नाही. हात दोन वीत मागे घेतला की झालं. आणि यात दिवा एकच लागतो, तोही लहान. दोन दिवे ठेवले तर एका रामाचे दोन राम होतात, आणि मोठ्या टोपणातला पसरट उजेड ठेवला तर रावणाची दहा डोकी एकमेकांत मिसळून जातात.

ही विद्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गुढीपूरला त्यांच्या कुटुंबाने आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. तिथे चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या बघायला मिळतात. दादाच्या बंगल्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. घर बांधणारी मंडळी टाइल्ससाठी कोल्हापूरला जातात, दिव्यांसाठी म्हापशाला जातात, गुढीपूरला मात्र पाहुण्यांना दाखवायला म्हणून जातात. तिथे अर्धा तास बसलं तरी एक गोष्ट कळते: जेवणाच्या टेबलावर जे हवं, ते बाहुल्यांच्या खेळाच्या नेमकं उलटं. उघडा, लहान, झगझगीत बल्ब हा रावणासाठी उत्तम आहे. माणसांना हवा तो दुधी काचेचा किंवा कापडाचा रुंद दिवा, ज्याचा उजेड एका ठिपक्यातून नव्हे तर सगळ्या पृष्ठभागातून येतो आणि सावल्यांच्या कडा बोथट करतो. एकच, ताटांच्या बरोबर वर, पाठीमागे नाही. एवढं जमलं की बाकी नक्षी काय वाटेल ती असो.

रंगाचंही थोडं सांगायला हवं, कारण ट्यूबलाइटची बाजू घेतली म्हणून कोणी जेवणावर साडेसहा हजार केल्व्हिनचा निळसर ‘कूल डेलाइट’ आणून ओतेल. त्याखाली सोलकढी औषधासारखी दिसते आणि तळलेला बांगडा आजारी. खोक्यावर २७०० ते ३००० असा आकडा असेल तो जेवणाला बरा. तिरफळाच्या रश्श्याचा लाल रंग त्यात उठून येतो. काकीचं भांडण पिवळ्या रंगाशी नव्हतंच. तिला उजेड पुरेसा हवा होता. पिवळा आणि मंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला दोन्ही एकत्र विकायचे असतात.

आणि वर तोंड असलेला, वाटीसारखा उघडा दिवा तर कोकणात घेऊच नये. मृगाच्या पहिल्या पावसाला पंख फुटलेली वाळवी उजेडाकडे झेपावते. सकाळी त्या वाटीत पंखांचा ढीग असतो, आणि तो काढायला शिडी आणणारं माणूस घरात एकच असतं. ती व्यक्ती दिवा निवडताना दुकानात कधीच नसते. पितळी झुंबराचं म्हणाल तर खाऱ्या हवेने ते दोन पावसाळ्यांत काळवंडतं. खालची समई चिंच लावून घासता येते, आठ फुटांवरच्या झुंबराला चिंच लावून दाखवा.

दादाचा दिवा आता पडवीत आहे. तिथे वारा मोकळा असल्यामुळे गोळे छान वाजतात, खाली कोणी जेवत नाही, आणि येणारा-जाणारा हमखास म्हणतो, ‘‘दिवो मस्त आसा हां.’’ ज्यासाठी तो घेतला होता ते काम तो चोख करतो. टेबलावर वायरमनने आपल्या घरून आणलेला एक साधा दुधी घुमट लावला. त्याचे पैसे तो घेईना. म्हणाला, ‘‘पडानच होतो.’’ काकीने त्याला कर्लीचं कालवण डब्यात घालून दिलं.

घर बांधत असाल तर एवढं करा. स्लॅब भरण्याआधी टेबल कुठे येणार ते ठरवा आणि हूक तिथे सोडायला सांगा. पंख्याशी तंटा तिथेच मिटतो. दिवा विकत घेण्याआधी एक बल्ब होल्डरसकट लांब वायरला लावा, रात्री बाकीचे सगळे दिवे बंद करा, कोणाला तरी तो हातात धरून स्टुलावर उभं करा आणि खाली खरोखर जेवायला बसा. नुसतं बसल्यासारखं करू नका. ताटात कर्ली असू द्या. ती मिळाली नाही तर पेडवे चालतील. शाकाहारी वाचकांनी तांदूळ निवडून बघावेत. खडा डोळ्यांना दिसला तर वायर तिथेच कापा, दाताखाली आला तर स्टुलावरच्या माणसाला म्हणावं, वायच खाली घे.